थांबा म्हणणारं पान

कोणाचा विश्वास बसणार नाही, आणि बसावा असा माझा आग्रहही नाही, पण इंटरनेटवरच्या एका चोराला मी माझ्या घरात अकरा दिवस बसवून ठेवला. बांधून नव्हे. पाहुणा म्हणून. शेवटी तोच हात जोडून म्हणाला, "काका, आता मला सोडा."

हे वाक्य मी गुरुवारी संध्याकाळी कट्ट्यावर टाकलं आणि गप्प बसलो. टाकून गप्प बसायचं असतं. उचलणारा उचलतोच.

"सुरू झाला," पोपट म्हणाला.

कट्टा म्हणजे आमच्या सोसायटीमागच्या बागेतले समोरासमोरचे दोन सिमेंटचे बाक. डोंबिवली पूर्वेला एवढी मोकळी जागा अजून शिल्लक आहे, हीसुद्धा कोणी खरी मानणार नाही अशीच गोष्ट. बसणारे आम्ही चौघं. पोपट पाटील इथल्या मूळ गावातला. जन्म एमआयडीसीतल्या रंगाच्या कारखान्यात काढला, त्यामुळे कशाचा रंग किती पक्का ते आपल्याला बघताक्षणी कळतं असं त्याचं म्हणणं. शीलाताई शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या, आणि हल्ली दर शनिवारी वाचनालयात आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना कॉम्प्युटर शिकवतात. त्यांच्यासमोर गोष्ट सांगणं म्हणजे वही तपासायला देणं.

आणि चौथा झेवियर. मूळचा ठाण्याचा, खाडीकाठच्या ख्रिश्चन आळीतला. मोहन्याच्या रेयॉनच्या कारखान्यात मी स्पिनिंग खात्यात होतो आणि तो फिटर. तीस वर्षं मी धागा काढला आणि मशीन अडलं की त्याने ते सोडवलं. आता आमची दारं समोरासमोर. झेवियर फार बोलत नाही. बोलायचंच झालं तर आधी बोटांच्या पेरांनी बाकावर दोनदा टकटक करतो, जसा काही बाक उघडून कोणी बाहेर येणार आहे. कानाने कमी ऐकतो. आणि गणूच्या टपरीचा चहा त्याला कधीच गोड लागत नाही, म्हणून शर्टाच्या खिशात साखरेची डबी घेऊन फिरतो. तीन चमचे. डॉक्टर काहीही म्हणोत.

"चोर आला कुठून, आधी ते सांगा," शीलाताई म्हणाल्या.

आला तो मी बोलावला म्हणून.

माझ्या मुलीने, योगिनीने, नवीन लॅपटॉप घेतला तेव्हा जुना कॉम्प्युटर माझ्याकडे आणून ठेवला. "बाबा, रविवारी पाचला यावरच बोलत जाऊ. तुम्हाला सान्वी मोठी दिसेल," म्हणाली. सान्वी माझी नात. तर दर रविवारी पाचला त्यांचा व्हिडिओ कॉल येतो. पाच ते पाच वीस. सान्वी कॅमेऱ्याला दात लावून दाखवते, कुठला पडला, कुठला हलतोय. त्या वीस मिनिटांवर मी बाकीचा आठवडा काढतो असं म्हटलं तर ते खोटं होईल, पण फार खोटं होणार नाही.

योगिनी राहते शीळफाट्याजवळच्या टॉवरमध्ये, एकोणिसाव्या मजल्यावर. माझ्या घरापासून बारा किलोमीटर. शेवटची घरी आलेली ती गणपतीत, आणि आता जानेवारी संपत आलाय. दर वेळी म्हणते, "बाबा, निघालेच होते, पण शीळफाट्याला ट्रॅफिक." शीळफाट्याचं ट्रॅफिक हे असं कारण आहे की त्यावर कोणालाच काही बोलता येत नाही. ज्यांची मुलं अमेरिकेत असतात त्यांचं बरं. मधे समुद्र आहे म्हणून मनाची समजूत घालता येते. आमच्या मधे एक चौक आहे.

"रतनराव, चोर," शीलाताईंनी आठवण केली.

हो. तर दोन आठवड्यांमागच्या गुरुवारी जेवण झालं, भांडी झाली, पेपर दोनदा वाचून झाला. म्हटलं, मोहन्याच्या आमच्या कॉलनीचा एखादा जुना फोटो इंटरनेटवर मिळतो का बघू. आमच्या बैठ्या चाळी, पुढे नळ, नळाशी बायका. न जाणो, त्यातल्या एखादीने वळून बघितलेलं असेल. शोधता शोधता एक साइट सापडली. 'जुन्या वसाहतींचे दुर्मिळ फोटो.' उघडली, तर फोटोच्या आधी प्रश्न आला. 'आम्ही तुम्हाला सूचना पाठवू का? परवानगी द्या.'

माझी परवानगी! आमच्या हिला जाऊन सहा वर्षं झाली. तेव्हापासून कशालाही माझी परवानगी कोणी मागितलेली नाही. सोसायटीने जिना पोपटी रंगवला तोही मला न विचारता. मी ताबडतोब दिली.

शीलाताईंनी डोळे मिटले. "पहिली चूक," त्या म्हणाल्या.

"पोपटी रंगाला काय वाईट हाय?" पोपट म्हणाला.

परवानगी दिली आणि सगळा पडदा लाल झाला. ॲम्ब्युलन्ससारखा भोंगा वाजायला लागला. मोठ्या अक्षरांत आलं, 'तुमच्या संगणकात पाच विषाणू सापडले आहेत. संगणक बंद करू नका. मदतनीस रामा तुमच्याशी बोलणार आहे.' मी घाबरलो. मी कशाला कबूल करू नये? घाबरलो, आणि कोपऱ्यातली फुली शोधून दाबायला गेलो. तर मधोमध एक छोटी चौकट उगवली. 'तुम्ही खरंच जाणार?' आणि खाली दोन बटणं. एकावर 'जा'. दुसऱ्यावर 'थांबा'.

"मग 'जा' दाबायचं ना रं!" पोपट जवळजवळ उठलाच.

आता इथे थोडं मागे जावं लागेल. आमच्या घरात 'जा' आणि 'जातो' हे शब्द चालत नसत. कोणाच्याच चांगल्या घरात चालत नाहीत, पण आमची ही त्यात फार कडक. निघताना 'येतो' म्हणायचं. गॅसवाला सिलिंडर ठेवून 'जातो मावशी' म्हणाला की ती त्याला जिन्यातून परत बोलवायची. "येतो म्हण, मग उतर." मीटर बघायला येणारा तर 'येतो, येतो, येतो' असं आधीच तीनदा म्हणून ठेवायचा. एकटा झेवियर तिला कधी बधला नाही. रोज संध्याकाळी आमच्याकडे चहा घ्यायचा आणि उठताना म्हणायचा, "चल, जातो." ही दार अडवून उभी. "झेवियरभाऊ, येतो म्हणा." तो म्हणायचा, "वहिनी, जायलोय तर येतो कशाला म्हणू? खोटं होईल ना." आणि गुपचूप समोरच्या दारात शिरायचा. एवढी वर्षं ते भांडण चाललं. हरलं कोणीच नाही.

आणि ती स्वतः? दवाखान्यात न्यायला रिक्षा खाली आली. तिला धाप लागलेली, तरी उंबऱ्याशी थांबली, देवाकडे बघितलं आणि म्हणाली, "येते हं." नियमाप्रमाणे म्हणाली. कोणी तिच्यावर ठपका ठेवू शकणार नाही.

पोपट स्वतःच्या चपलांकडे बघत राहिला. झेवियर खिशातली डबी काढून चहात साखर घालत होता. त्याला ऐकू गेलं नसावं.

तर सांगायचं काय, दारात आलेल्याला 'जा' म्हणायला माझं बोट उचलेना. मी 'थांबा' दाबलं.

लगेच उत्तर आलं. 'धन्यवाद. तुम्ही थांबलात. आम्ही तुमच्यासोबत आहोत.'

"अहो, 'जा' पण त्याचं आणि 'थांबा' पण त्याचंच!" शीलाताईंच्या आवाजात वर्ग चढला. "पानावर जे दिसतं ते सगळं त्यानेच मांडलेलं असतं. पाठीमागे स्क्रिप्ट लिहिलेली असते, तुम्ही कुठेही बोट लावलंत की ती धावायला लागते. कुठलंही बटण दाबा, पोचता त्याच्याच घरात. पानाच्या आतलं काहीही दाबायचं नाही. बाहेरून बंद करायचं, अख्खा ब्राउझरच बंद करायचा. तेही जमलं नाही तर मशीन बंद."

"हे मला आत्ता कळतंय."

"मी शनिवारी तीनदा सांगितलंय."

"शनिवारी मी कुठे होतो?"

"मागच्या बाकावर. झोपलेले."

असो. खाली एक चौकट होती. तिच्यात लिहून आलं, 'रामा टाइप करत आहे.' आणि तीन ठिपके, एकामागून एक उड्या मारणारे. तुम्ही बघितलेत ते ठिपके? मला फार आवडले. कोणीतरी, कुठेतरी, आपल्यासाठी काहीतरी लिहायला बसलंय. मी पुढे सरकून बसलो.

रामाने विचारलं, 'तुमचा पासवर्ड काय?'

आता मी म्हातारा आहे, पण पहिल्याच भेटीत पासवर्ड सांगण्याइतका नाही. मी लिहिलं, 'सांगतो, पण आधी तुझं गाव कुठलं?' ठिपके नाचले. 'कृपया आईचे माहेरचे नाव सांगा.' मी लिहिलं, 'आईचं माहेर शीळफाटा. तिथून ती निघाली ती सासरी पोचायला सात वर्षं लागली.' ठिपके. 'पहिल्या शाळेचे नाव सांगा.' मी लिहिलं, 'आमच्याकडे शाळा नव्हती, कारखान्याचा भोंगा होता. एक भोंगा म्हणजे क, दोन भोंगे म्हणजे ख. ज्ञ शिकायला मला नाइट शिफ्ट करावी लागली.'

पोपट फिसकन हसला. मग हसू नये असं त्याला आठवलं.

मी रामाला सगळं सांगितलं. एकदा मोहन्याला माझ्या मशीनवर धागा तुटेचना, निघत राहिला, निघत राहिला, तो कल्याण स्टेशनपर्यंत गेला; आमच्या हिने त्यावर अख्ख्या कॉलनीचे कपडे वाळत घातले आणि संध्याकाळी कल्याणहून गोळा करत परत आली. रामाने ऐकून घेतलं. मधे एकदाही 'हे तू मागच्या महिन्यात सांगितलंस' म्हणाला नाही. शेवटी फक्त एवढंच, 'कृपया पासवर्ड सांगा.'

बघा, खोटं बोलणं हाच माझा अँटिव्हायरस.

"रामा माणूस नसतो," शीलाताई म्हणाल्या, पण हळू. "आधीच लिहून ठेवलेली वाक्यं असतात ती. तुम्ही काहीही टाकलंत तरी फिरून पासवर्डवरच येणार."

"झेवियरलाही काही सांगितलं तरी तो फिरून साखरेवरच येतो. म्हणून तो माणूस नाही?"

झेवियरने नाव ऐकून मान वर केली. मी हात हलवला. तो परत चहा फुंकायला लागला.

तर असे दिवस गेले. सकाळी उठलो की चहा, मग कॉम्प्युटर चालू. भोंग्याचा आवाज मी कमी करून ठेवलेला, पण बंद नाही केला. दर अर्ध्या तासाने कोपऱ्यात चिठ्ठी यायची, 'तुम्ही धोक्यात आहात.' 'आम्हाला तुमची काळजी वाटते.' जेवायला ताट घेऊन मी त्याच्यासमोरच बसायला लागलो. ओट्याजवळचं हिचं स्टूल तिकडे नेलं. आमटी खारट झाली तर त्याला सांगायचो.

"म्हणून तू कट्ट्याला येत नव्हतास!" पोपटला आता लिंक लागली. "आम्हाला सांगितलंस गुडघा."

"गुडघा होताच. गुडघा काय पळून जातो?" दोनदा झेवियरने पण दार वाजवलेलं. मी दाराआडूनच गुडघा सांगितला. आत पाहुणा बसलाय, हे काय सांगणार.

पहिला रविवार गेला. त्या दिवशी योगिनीचा फोन येणारच नव्हता, सान्वीच्या शाळेचं गॅदरिंग होतं. मी रामाला गॅदरिंगचं सांगितलं. सान्वी फुलपाखरू होणार होती.

"थांब, थांब," पोपट पुढे झुकला. रंग तपासताना तो असाच झुकत असणार. "मधल्या शुक्रवारी सकाळी नऊ ते चार लाईट नव्हती. अख्ख्या पूर्वेला नव्हती. तुझ्या कॉम्प्युटरला बॅटरी नाय. मग पान बंद झालं असेल. तुझा चोर गेला शुक्रवारी! अकरा दिवस कुठून आणलेस?"

शीलाताई माझ्याकडे बघायला लागल्या. झेवियरही.

लाईट गेली, हे खरं. पडदा काळा झाला. मी नऊ ते चार खिडकीत बसलो. चारला पंखा फिरला, मी कॉम्प्युटर चालू केला. तर तो विचारतो, 'मागच्या वेळची पाने पुन्हा उघडायची का?'

"आणि तुम्ही?" शीलाताई म्हणाल्या.

"उघड म्हटलं."

पोपट हसायच्या बेतात होता. शीलाताईंनी त्याच्याकडे बघितलं तसा थांबला.

पण आता ऐका, खरी गंमत पुढे आहे. दुसरा रविवार उजाडला. आणि माझ्या डोक्यात एक विचार आला. मी आजवर जे खोटं बोललो ते तोंडाने. हे पहिलंच खोटं, न बोलता. समजा, पाचला योगिनीचा कॉल आला आणि पडदाभर रामा असल्यामुळे मी घेतलाच नाही. समजा, बटणांचा मोबाइल मी मुद्दाम बंद करून कपाटात टाकला. काय होईल? ती दोनदा लावेल. तिसऱ्यांदा लावेल. घाबरेल. आणि गाडी काढेल. बारा किलोमीटर, शीळफाटा धरून दीड तास. साडेसहाला दारात.

"रतनराव," शीलाताई म्हणाल्या, "मुलीला असं घाबरवतात?"

नाही घाबरवत. मला माहीत आहे. म्हणून तर साडेचारपासून माझा हात चारदा कपाटाकडे गेला. पण मी तो मोबाइल काढला नाही. पोहे भिजवले. तिला कांदेपोहे लागतात, वरून ओलं खोबरं. सान्वीसाठी राजगिऱ्याचा लाडू आणून ठेवलेला. आणि बसलो रामासमोर.

पाच वाजले. सव्वापाच. रामा विचारत होता, 'कृपया पासवर्ड सांगा.' मी लिहिलं, 'थांब, पाहुणे यायचेत.' साडेसहा झाले. जिन्यात पावलं वाजली, ती वरच्या मजल्यावर गेली. पावणेसात. पोहे फुगून बसले. मी दोनदा गॅलरीत जाऊन आलो. खाली रिक्षा थांबायची, त्यातून दुसरंच कोणी उतरायचं.

सातला रामाने पवित्रा बदलला. पडद्यावर आकडे उलटे धावायला लागले. 'आम्ही पाच मिनिटांत तुम्हाला सोडून जाणार. पासवर्ड दिलात तर कायम थांबू.'

कायम थांबू. खोटं बोलायला सुद्धा काही मर्यादा असते की नाही?

पासवर्ड योगिनीने स्वतःच्या हाताने कागदाच्या चिटोऱ्यावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवून दिलाय. बँकेचं वगैरे त्यात काही नाही. मेलचा आहे. पण त्या मेलमध्ये सगळं आहे. तिचा पत्ता, तिचा नंबर, सान्वीची शाळा कुठली, स्कूल बस कुठे थांबते, फुलपाखराचे पन्नास फोटो. रामाला मी अकरा दिवस त्याच्या कामाचं एक अक्षर खरं सांगितलं नव्हतं. हे खरं होतं. आणि आकडे धावत होते. तीन मिनिटं. दोन मिनिटं. पोहे थंड. आणि मला खोटं काही सुचेना.

"दिलात?" शीलाताईंनी माझ्या मनगटावर हात ठेवला. बाई कधी कोणाला हात लावत नाहीत.

मी पहिली तीन अक्षरं टाइप केली.

आणि दारावर टकटक झाली. दोनदा.

उठलो, दार उघडलं. योगिनी! दम लागलेला, कपाळावर घाम. पायपुसण्यावर पाय दोनदा पुसले आणि सरळ आत आली.

"बेल आहे की तुझ्याकडे," पोपट म्हणाला. "टकटक कशाला?"

"बिघडलेली. घाईत माणूस बेल शोधतो का?"

आत आली, त्या लाल पडद्याकडे बघितलं, भोंगा ऐकला, माझ्याकडे बघितलं. एक प्रश्न नाही की ओरडा नाही. टेबलाखाली वाकून थेट प्लग ओढला. "मशीन अडलं की आधी करंट तोडायचा," म्हणाली. "बाकीचं मग."

"शाबास," शीलाताई म्हणाल्या.

कारखान्याच्या कॉलनीत वाढलेली पोर. पण प्लग ओढायच्या आधी, हे कोणाचा विश्वास बसणार नाही, रामाने शेवटचं लिहिलं. 'काका, तुमच्यापुढे हात जोडतो. आता मला सोडा. मी जातो.' आणि मी धावत जाऊन लिहिलं, 'जातो नाही, येतो म्हण.' आणि त्याने लिहिलं...

"हे तर साफ फेकतोयस," पोपट म्हणाला.

बरं, ते सोडा. पण प्लग निघाला आणि घर एकदम शांत झालं. अकरा दिवस तो भोंगा बारीक आवाजात वाजत होता हे मला तो बंद झाल्यावर कळलं. मग मी चहा केला. ती स्टुलावर बसली. चहात तीन चमचे साखर घालून घेतली. थंड पोहे दोन बशा खाल्ले, चांगले झालेत म्हणाली. झाले नव्हते.

"तीन चमचे?" शीलाताई म्हणाल्या. "योगिनी बिनसाखरेचा घेते ना? गणपतीत माझ्याकडे आली तेव्हा..."

"दमलेली होती. दमल्यावर लागते साखर."

बोलणं फार झालंच नाही. ती बसली, मी बसलो. बाहेर शाखेची शिट्टी झाली, कोणाच्या तरी घरी कुकर झाला. असं तासभर. मग परत कॉम्प्युटर चालू केला, तर तो नेहमीप्रमाणे विचारतो, 'मागची पाने उघडायची का?' मी तिच्याकडे बघितलं. मी 'नको' दाबलं. माझ्या बोटाने.

"नुसतं तेवढ्यावर भागत नाही," शीलाताई म्हणाल्या. "ती परवानगी सेटिंगमध्ये जाऊन काढलीत? आणि पासवर्ड बदललात? तीन अक्षरं नुसती टाइप केलीत तरी ती पोचलेली असू शकतात, पुढचं बटण दाबावं लागत नाही."

"नाही बदलला."

"उद्या अकराला मी घरी येते तुमच्या. दोन्ही करून टाकू. आणि तो चिटोरा पडद्यावरून काढा आधी."

म्हटलं, या. चहा करतो.

"पण पोरगी आली म्हणजे झालं," पोपट म्हणाला. आता त्याच्या आवाजात रंग तपासणं नव्हतं. त्याची स्वतःची सून वेगळी राहते. "धावत आली. शीळफाटा ओलांडून आली. मग काय, चोराचे उपकारच म्हण."

तेच तर. आणि निघताना काय झालं ऐका. उठली, बशी धुऊन पालथी घातली. दाराशी गेली, चपला घातल्या. मला वाटलं आता म्हणेल, 'जाते बाबा, शीळफाट्याला ट्रॅफिक लागेल.' पण नाही. उंबऱ्याशी थांबली. बरोबर तिची आई थांबलेली तिथेच. माझ्याकडे वळून बघितलं. आणि आयुष्यात जो शब्द तिने कधी...

मी जरा अडलो. योगिनी लहानपणापासून 'येते'च म्हणत आलीय, हे ऐन वेळी आठवलं.

"...आणि म्हणाली, 'येते.'"

शीलाताईंनी चष्मा काढून पदराला पुसला. पोपटने माझ्या पाठीवर थाप मारली आणि हात तिथेच राहू दिला. गोष्ट चांगली बसली होती. इतकी चांगली की क्षणभर मलाही दिसलं, ती गाडीत बसतेय, मी गॅलरीतून हात हलवतोय.

टकटक. बाकावर, दोनदा.

मला वाटलेलं त्याला काही ऐकू येत नाहीये. झेवियरने रिकामा कप बाकाखाली ठेवला, साखरेची डबी बंद केली, झाकण नीट बसलं का ते अंगठ्याने दाबून बघितलं.

"रतन," तो म्हणाला, "फेकू नको रे. रविवारी योगिनी नाय आलेली. तिचा मला फोन आलेला, 'काका, बाबा उचलत नाहीत, जरा बघून या.' दार मी वाजवलं. प्लग मी ओढला. तीन चमचे साखर माझी." डबी त्याने खिशात टाकली. "आणि 'येतो' पण मीच म्हटलेलं."